साडी किती रुपयांची होती?

ताई, सा. न. वि. वि.

मी 46 वर्षांची आहे, पिंपरीत राहते. माहेर पुणे जिल्ह्यातच, एसटीनं तासाभरावर. वडील 2023 च्या पावसाळ्यात गेले. आजोबांपासूनची दीड एकर जमीन आहे, त्यातले 18 गुंठे आता नव्या रस्त्यात जाताहेत. मोबदला मोठा आहे. दादा म्हणतो, मुदतीत संमती दिली तर रक्कम वाढीव मिळते, म्हणून तुम्ही दोघी बहिणी हक्कसोड करून द्या, पुढचं मी बघतो. धाकटीनं गेल्या महिन्यात सही केली. तिला पैठणी मिळाली, पुरणपोळीचं जेवण झालं. मी "विचार करून सांगते" म्हणाले, तेव्हापासून दादा माझा फोन उचलत नाही. राखी पोस्टानं पाठवली, पोचली की नाही तेही कळलं नाही.

आई म्हणते, "तुला जमीन पाहिजे का माहेर, ते एकदा ठरव." तिनं स्वतः तिच्या भावांना 1981 साली सही दिली होती आणि मामा अजून दर मे महिन्यात आंब्याची पेटी घेऊन येतो, हे ती मला ऐकवत राहते. आता तीसुद्धा तिचा हिस्सा दादाच्या नावावर करणार आहे.

ताई, मला पैशाचा लोभ नाही. पण वडील दवाखान्यात होते तेव्हा 19 रात्री मी तिथं काढल्या. दादा येऊनजाऊन असायचा. मी हिशेब ठेवत नाही, तरी मनात येतं. लहानपणी सायीची वाटीसुद्धा त्याचीच असायची. मिस्टर यात पडत नाहीत, फ्लॅटचं कर्ज फिटेल एवढंच एकदा म्हणाले. माझ्या नणंदेनं 2016 साली हसत हसत सही केली होती, आमच्याकडे कधी विषयसुद्धा निघाला नाही. मग आमच्याच घरात असं का? सही केली तर जन्मभर सलत राहील, नाही केली तर माहेर तुटेल. काय करू?

एक लेक

*

आधी व्यवहाराचं बोलते, कारण त्याला मुदत आहे. बाकीचं इतकी वर्षं थांबलंय, आणखी चार परिच्छेद थांबेल.

सही अजून केली नाहीत ते बरं केलंत. कधीच करू नका असं मी म्हणत नाही. या घाईत आणि या धाकाखाली करू नका. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर आई, दादा, तुम्ही आणि धाकटी यांचे हिस्से सारखे, प्रत्येकाचा चौथा. जमीन वडिलोपार्जित धरा नाहीतर वडिलांची स्वतःची धरा, तुमच्या घरात दोन्हीकडून हिशेब चौथ्या हिश्शावरच येतो. म्हणजे 60 गुंठ्यांत तुमचे 15, आणि रस्त्यात जाणाऱ्या 18 मध्ये साडेचार. लग्न होऊन किती वर्षं झाली, याचा याच्याशी संबंध नाही. आपल्या राज्यानं 1994 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटेकरी केलं, पण त्याआधी लग्न झालेल्या लेकींना त्यातून वगळलं. मग 9 सप्टेंबर 2005 पासून हिंदू वारसा कायद्यात केंद्राची दुरुस्ती आली, त्यात ही अट नाही. त्या तारखेला वडील हयात असायला हवेत की नकोत यावर बरीच वर्षं उलटसुलट निकाल येत होते. विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 ला तेही मिटवलं: हक्क जन्मानं मिळतो, वडील तेव्हा हयात असण्याची गरज नाही.

आता जी गोष्ट तुमच्या घरात कोणी बोललेलं दिसत नाही, ती सांगते. संमती देणं वेगळं आणि हक्क सोडणं वेगळं. संमतीनं जमीन देऊन वाढीव रक्कम घ्यायची तर सगळ्या वाटेकऱ्यांची संमती लागते, हे खरं आहे. पण ती तुम्ही वाटेकरी म्हणूनच, स्वतःच्या सहीनं देऊ शकता, आणि तुमच्या हिश्शाची रक्कम तुमच्या खात्यात येऊ शकते. त्यासाठी हक्कसोडपत्र लागत नाही. मुदत संमतीला आहे. दादा मुद्दाम दोन्हीची गल्लत करतोय असं मी म्हणणार नाही. गावागावांत कागद करून देणारे लोक हिंडतात आणि "बहिणींची हक्कसोड घेऊन टाका, पुढं कटकट नको" हे तेच कानात भरवतात. पण गल्लत झाली आहे, आणि तिचं नुकसान एकट्या तुम्हाला नाही. हिश्शावरून वाद उभा राहिला तर निकाल लागेपर्यंत मोबदला अडकून पडतो, हे दादालाही ठाऊक असणार. त्याचा राग अर्धा तरी त्या भीतीचा आहे.

सातबारा काढा. घरबसल्या निघतो. वडिलांच्या पश्चात वारसाचा फेरफार, म्हणजे वारसांची नावं लावायची नोंद, झालाय का, आणि त्यात तुमचं नाव मालकाच्या रकान्यात आहे की "इतर हक्कात" ढकललंय, ते बघा. लेकींची नावं इतर हक्कात टाकायची जुनी खोड आहे आपल्याकडं. फेरफाराची नोटीस आली तर हरकत घ्यायला 15 दिवस असतात, ती उशीखाली ठेवून झोपू नका. आणि तालुक्याच्या गावी एखादा वकील गाठा, दादाच्या ओळखीचा नको.

आणि आईची सही थांबवा. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात काळजीचं वाक्य ते आहे, आणि तुम्ही ते जाता जाता लिहिलंय. सांभाळायच्या अटीवर मिळकत दिली आणि सांभाळलं नाही, तर तो व्यवहार रद्द करून घ्यायची सोय 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात आहे, पण ती अट कागदात लिहिलेली असली तर बाजू भक्कम. शिवाय सत्तरी ओलांडलेली बाई पोटच्या मुलाविरुद्ध प्रांताधिकाऱ्याकडं अर्ज घेऊन जाईल, हे तुम्हाला तरी खरं वाटतं का? ज्या आईच्या नावावर काहीतरी आहे तिला विचारून घरात चहा होतो, आणि जिच्या नावावर काही नाही तिला उरला तर मिळतो. कडू आहे, पण मी एकापेक्षा जास्त घरांत बघितलंय. तुमचा दादा तसा नसेलही. पण आई आपला चौथा हिस्सा प्रेमापोटी देतेय असं मला वाटत नाही. ती घाबरलीय. तिला म्हातारपणी त्या घरात राहायचंय, आणि हातात जे आहे ते आजच देऊन टाकलं तर उद्या आपल्याला कोणी परकं करणार नाही, असा तिचा हिशेब आहे. "जमीन का माहेर" हा प्रश्न तिनं तुम्हाला विचारला खरा, पण तिच्या मनात तो स्वतःसाठीच चाललाय.

मामाच्या आंब्यांचं मात्र मला पटत नाही. मामा त्या सहीमुळे येत असेल, तर चाळीसेक वर्षं ती पेटी हप्ता म्हणून येतेय. आणि सही दिली नसती तरी तो आला असता, असा माणूस असेल, तर तुमच्या आईनं त्याच्या मायेचं सगळं श्रेय एका कागदाला देऊन टाकलंय. यातलं खरं कुठलं, हे तिला कधीच कळणार नाही. सही केल्यानं झालेलं हे एक नुकसान आहे, आणि ते कुठल्याच सातबाऱ्यावर दिसत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. वडील गेल्यावर 1996 साली मीही सही केली. आमच्या तालुक्याच्या निबंधक कचेरीत, कागद न वाचता. बाहेर आल्यावर भावानं रसवंतीत नेलं, उसाचा रस पाजला, आणि घरी आल्यावर हिरवी साडी. मी रडलेसुद्धा, किती प्रेम आहे म्हणून. मग पहिल्या भाऊबीजेला ओवाळताना माझं लक्ष ताटात पडणाऱ्या पाकिटाकडं गेलं. दुसऱ्या वर्षी साडीचा काठ बोटांनी चाचपून बघितला. तिसऱ्या वर्षी भावजयीच्या माहेरच्यांना काय आहेर झाला, त्याच्याशी माझ्या साडीची तुलना केली. भाऊ काही वाईट वागत नव्हता. पण मी त्याला जे दिलं होतं त्याच्या बदल्यात काय येतंय ते मी दरवर्षी मोजत होते, आणि येईल ते कमीच पडत होतं. कुठल्या साडीनं भरणार होतं ते? बावीस वर्षांनी एकदा, कशावरून तरी तोंडातून गेलं. तो बघतच राहिला. म्हणाला, "मग तेव्हाच सांगायचंस की. मला वाटलं तू खुशीनं दिलंस."

खरंच त्याला तसं वाटलं होतं. राग यायला हवा होता, पण त्याच्या तोंडाकडं बघून आला नाही. बहिणी खुशीनं देतात, हे त्यानं लहानपणापासून बघितलेलं. आणि माझी खुशी मी स्वतः सोंग आणून दाखवलेली. तोपर्यंत लोभी मी भावाला म्हणत होते. त्या दिवशी समजलं की लोभ माझाही होता, फक्त जमिनीचा नव्हता. एक सही द्यायची आणि जन्मभराची माया घ्यायची, असा सौदा मी मनातल्या मनात केला होता, समोरच्याला न सांगता.

म्हणून तुमचं ते वाक्य. "मी हिशेब ठेवत नाही." बाई, 19 रात्री तुम्ही मोजल्या आहेत. सायीची वाटीही चाळीस वर्षं लक्षात ठेवली आहेत. ठेवा की! त्यात लाज कसली? पण त्या 19 रात्रींची भरपाई 15 गुंठ्यांतून होईल असं मनात असेल तर ते काढून टाका. 15 गुंठे तुम्हाला मिळायचे ते तुम्ही त्या घरात जन्मलात म्हणून. दवाखान्यात एक रात्रसुद्धा काढली नसतीत तरी तेवढेच मिळाले असते. आणि वडिलांनी वाटी दादापुढं का सरकवली, याचं उत्तर मोबदल्याच्या रकमेत निघणार नाही. उद्या पैसे खात्यात आले आणि तरी आतलं पोर तसंच वाटीकडं बघत बसलं, तर म्हणाल, वाटा कमीच मिळाला. बहिणीभावांचे दावे वीस-वीस वर्षं चालतात ते चार गुंठ्यांसाठी नसतात. आई कोणावर जास्त जीव टाकायची, याचा निकाल न्यायाधीशाकडून हवा असतो लोकांना.

मोजायचंच आहे तर सगळं मोजा. 19 रात्री तुमच्या. त्याच्या आधीची वर्षं कोणाची? वडील काही दवाखान्यातच म्हातारे झाले नाहीत. त्यांचं पथ्यपाणी, कपडे, रात्रीचं उठणं, आईचे गुडघे, आल्यागेल्याचा चहा. "दादा सांभाळतो" असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक घरांत वहिनी सांभाळत असते. तुमच्या पत्रात ती एकदाच आली, पुरणपोळ्या करताना, तेही तिचा उल्लेख न करता. त्या जमिनीत तिचा स्वतःचा हिस्सा शून्य आहे. आणि हक्कसोड मागणारा हात दादाचा असला तरी गावात "भावजयीनं फूस लावली" हे तिच्याच नावावर लागणार. तुम्हाला दिल्याचं समाधान हवंच असेल, तर मोबदला हातात आल्यावर त्यातली एक ठरावीक रक्कम वहिनीच्या नावानं, तिच्या खात्यात, सगळ्यांसमक्ष टाका. दादाच्या नाही, तिच्या. तुमच्या वडिलांचं जे केलं त्याबद्दल, असं म्हणून. मिळाल्यावर देणं आणि मिळायच्या आधी सोडणं यात फरक आहे. दिलेलं किती ते तुम्हाला ठाऊक राहतं, तिलाही.

दादाशी फोनवर बोलू नका, तो उचलणारही नाही. जा. दिवाळीच्या आधी, सणाचा दिवस सोडून, मिस्टरांना न घेता. मी असते तर एवढंच बोलले असते: "दादा, रस्त्याच्या संमतीवर माझी सही कुठं लागते ते सांग, आज करते. हक्कसोड आत्ता करणार नाही. राहिलेलं शेत तू कसतोस ते कसत राहा, वाटणी करून दे म्हणून मी तुझ्या दारात उभी राहणार नाही. पैशातला माझा चौथा हिस्सा माझ्या खात्यात येऊ दे." याच्यापुढं आई, सायीची वाटी, दवाखाना, यातलं काही नाही. तो काढेल. लग्नात किती खर्च झाला तेही काढेल, हमखास. तुम्ही चहा पिऊन उठा. रडू आलं तर एसटीत रडा.

तो या दिवाळीला बोलावणार नाही, असं धरून चाला. पुढच्याही नसेल कदाचित. काही घरांत दार कायमचं बंद होतं, खोटं कशाला सांगू? माहेरी न्यायला मुऱ्हाळी येणार म्हणून उंबऱ्यात उभ्या राहणाऱ्या बायका आपल्या आज्यांच्या जात्यावरच्या ओव्यांत आहेत. त्यांना दुसरं कोणतं घरच नव्हतं, म्हणून त्या उभ्या राहायच्या. तुम्हाला पिंपरीत घर आहे. दुखेल, पण उंबऱ्यावर उभं राहायची वेळ नाही. धाकटीशी मात्र तुटू देऊ नका. तिनं सही केली म्हणजे ती मूर्ख आणि तुम्ही शहाण्या, असा सूर लागू देऊ नका. तिला त्या पैठणीची गरज होती. तुम्हालाही आहे, तुम्ही फक्त ती अजून अंगावर घेतली नाहीत.

मिस्टरांचं. "यात पडत नाहीत" असं लिहून पुढच्याच अर्ध्या वाक्यात कर्जाचा आकडा ते मनात धरून आहेत हे तुम्हीच सांगितलंत. त्यांना वाईट म्हणत नाही, फ्लॅटचा हप्ता कोणालाही जड असतो. पण माहेरच्या एका माणसानं "पुढचं मी बघतो" म्हणायचं आणि सासरच्या एका माणसानं न बोलता बघायचं, या दोघांत तुमच्या साडेचार गुंठ्यांचं काय करायचं हे तुम्हाला कोणी विचारल्याचं दिसत नाही. रक्कम आली तर ती तुमच्या एकटीच्या नावाच्या खात्यात येऊ द्या. सहा महिने तिला हात लावू नका. मग कर्ज फेडावंसं वाटलं तर फेडा, तुमच्या मनानं.

आता नणंद.

तुम्ही विचारता, आमच्याच घरात असं का. तुमच्या पत्रात तुम्ही एकाच कागदाच्या दोन्ही बाजूंना आहात, आणि एका बाजूची तुम्हाला जाणीवच नाही. 2016 साली तुमच्या सासरी एक मुलगी कचेरीत गेली आणि सही करून आली. तुम्ही तेव्हा घरातली सून होतात. ती हसली, असं तुम्हाला आठवतं. 1996 साली मीही हसले होते, आणि माझ्या भावजयीलाही तेच आठवत असणार. आमच्याकडे विषयसुद्धा निघाला नाही, असं लिहिताना तुमच्या लेखणीला जरा अभिमानच वाटलेला दिसतो. दादाच्या घरीही काही वर्षांनी असंच म्हणतील, धाकटीनं हसत सही केली, विषयसुद्धा निघाला नाही. त्या दिवशी जेवायला काय केलं होतंत? साडी कोणी निवडली, तुम्हीच ना? किती रुपयांची होती, आठवतंय का? सासऱ्यांच्या पश्चात त्या मिळकतीतून काय काय झालं, आणि पिंपरीच्या फ्लॅटच्या पहिल्या हप्त्यात त्यातलं काही आलं का, हे तुम्हाला ठाऊक आहे, मला नाही.

हे तुम्हाला गप्प करायला लिहीत नाही. तुमचा हक्क याच्यानं एका गुंठ्यानंही कमी होत नाही. पण दादाच्या डोक्यात काय चाललंय हे तुम्हाला समजून घ्यायचं असेल तर लांब जायला नको, 2016 च्या तुमच्याच स्वयंपाकघरात जा. तुमचे मिस्टर तेव्हा राक्षस होते का? नव्हते. त्यांना फक्त असं वाटत होतं की हे असंच असतं.

म्हणून माझं ऐकाल तर दादाकडं जायच्या आधी एक फोन नणंदेला करा. आडून आडून नको, सरळ विचारा की ताई, त्या दिवशी तुम्हाला मनातून काय वाटलं होतं. ती पहिल्यांदा "छे, काही नाही, त्यात काय" म्हणेल. लगेच विषय बदलू नका. थोडं थांबा, तिला बोलू द्या.